नवशिक्याची जमीन

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष सहजच वाहनाकडे आणि त्यावर आरूढ झालेल्या माणसाकडे जाते; ज्या भूमीवरून ते वाहन गेले तिची दखल महसुली दप्तराबाहेर क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः स्वारी शिकू पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली गाठ पडते ती जमिनीशी, कारण पडायचे असते ते तिच्यावरच. अलीकडे मोठ्या शहरांतील मुलांच्या पायांखाली स्केटबोर्ड नावाची चार चाकांची फळी दिसू लागली आहे, आणि तिच्यावर चार पळे उभे राहण्याकरिता चाललेली त्यांची धडपड पाहिली म्हणजे असा प्रश्न पडतो की, ही फळी आपल्याकडे इतक्या उशिरा का आली, आणि तिच्याआधी त्याच वयाची मुले कशावर तोल सावरायला शिकत होती. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास भीमा आणि नीरा या नद्यांच्या मधला, नरसिंहपूरच्या संगमापाशी निमुळता होत जाणारा बारामती-इंदापूरचा मुलूख फार सोयीचा आहे. घोडा, बैलगाडी, सायकल आणि बेअरिंगची गाडी अशी स्वारीची सारी स्थित्यंतरे त्याने पाहिली आहेत, आणि त्या सर्वांमधून एक नियम स्पष्ट दिसतो: जमीन जसजशी सुधारत गेली तसतसे चाक लहान होत गेले.

चाकाच्या आधी येथे घोडा होता. इंदापूर हा जुना परगणा. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांना इंदापूरच्या लढाईत मरण आले, आणि त्यांच्या गढीचे अवशेष त्या कसब्यात आजही दाखवले जातात. बारामती ही अठराव्या शतकात बाबूजी नाईक जोशी या मातबर सावकार-सरदाराची. त्यांचा वाडा कऱ्हेच्या काठी उभा आहे, आणि त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी येथे बसून आपली प्रचंड काव्यसृष्टी निर्माण केली. परंतु या दोन्ही कसब्यांच्या भोवतालच्या प्रदेशाची कीर्ती दूरवर पोचली ती कवीमुळे नव्हे आणि सावकारामुळेही नव्हे, तर येथल्या तट्टांमुळे. मध्यम बांध्याचे, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारे आणि दगडधोंड्यांतून न अडखळता चालणारे भीमथडीचे तट्टू हे मराठ्यांच्या घोडदळाचे मोठे बळ होते. राजा बढे यांच्या ज्या गीतास 2023 साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. आणि त्यानंतर थोड्याच काळात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवून घेतली.

घोड्यावर बसायला शिकणाऱ्या त्या काळच्या पोरास रस्त्याची गरज नव्हती. त्याला हवी होती ती नदीकाठची भुसभुशीत जमीन. घोड्याच्या खुराला मऊ माती मानवते आणि पडणाऱ्याच्या हाडांनाही. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. ऐपत नसलेल्यास परक्याच्या मालकीच्या वाहनावर स्वार होण्याची जी सोय बारगिरीत होती, तीच पुढे निराळ्या रूपाने, ताशी भाड्याच्या सायकलींच्या दुकानात, या मुलखातील मुलांच्या वाट्यास आली.

घोड्याचे आणि मऊ जमिनीचे हे नाते ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने आषाढीच्या वारीत बेलवाडीस किंवा इंदापुरास जावे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे येते, आणि बेलवाडीस तिचे पहिले गोल रिंगण होते. मैदानाच्या मध्यभागी पालखी, तिच्याभोवती पताकाधारी, तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, विणेकरी आणि टाळकरी. आणि त्यांच्यामधून मोकळ्या राखलेल्या वर्तुळाकार वाटेवरून दोन अश्व दौडत जातात. त्यांपैकी एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर साक्षात महाराज आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. दौड संपताच लोक टापांखालची माती उचलून कपाळी लावतात. ज्या जमिनीवर टाप उमटते तीच जमीन रिंगणास योग्य. डांबरावर रिंगण लावण्याची कल्पनाही कोणास सुचणार नाही. चाकाचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. त्याला खूण उमटू न देणारी जमीन लागते, आणि या मुलखात तशी जमीन निसर्गतः कोठेही नव्हती.

कारण येथली माती दोन प्रकारची: नदीकाठची काळी आणि माळावरची मुरमाड. काळी माती पावसाळ्यात गाडीला आसापर्यंत गिळते आणि उन्हाळ्यात तिच्यात पाऊल अडकेल अशा भेगा पडतात; माळावर तर दगडगोट्यांचेच राज्य. अशा भूमीवर चालणारे चाक मोठेच असावे लागे. चाकाच्या त्रिज्येच्या मानाने अडथळा जितका लहान तितका तो सहज ओलांडला जातो, हे गणित गाडीवानास न शिकवता कळत होते. उभ्या माणसाच्या छातीशी येणाऱ्या लाकडी चाकाला मुठीएवढा दगड म्हणजे एक हेलकावा, आणि तेवढ्याने ओझे सांडत नसे. तथापि जुन्या काळी गाड्याही थोड्याच होत्या. बहुतेक मालाची ने-आण वंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून होई.

इंग्रजी अमदानीत हे चित्र पालटू लागले, आणि त्याचा आरंभ इंदापुरातच झाला. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची जी पद्धत पुढे शतकभर चालली तिची पहिली घडी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्याच्या पाहणीत बसवली. जमिनीची मोजणी झाली, प्रतवारी ठरली आणि धारा तीस वर्षांच्या मुदतीने बांधून दिला गेला. पडीत रान पुन्हा वहितीस आले, आणि विकण्याजोगे धान्य पिकू लागल्यावर ते बाजारापर्यंत नेण्यास गाडी आणि गाडीस रस्ता ही निकड ओघानेच आली. 1858 मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत पोचला. पुणे-सोलापूर हमरस्ता इंदापुरावरूनच जात होता. इतके झाले तरी गावोगावच्या वाटा पूर्वीच्याच राहिल्या.

त्या वाटांवर खडी आणण्याचे काम विकासाच्या योजनेपेक्षा दुष्काळाने अधिक केले, ही या मुलखाच्या इतिहासातील विदारक गोष्ट होय. 1876 ते 1878 च्या महादुष्काळात इंदापूर आणि भीमथडी या तालुक्यांतील हजारो कुटुंबे सरकारी कामांवर खडी फोडण्यास आणि माती वाहण्यास बसली. सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी मजुरी घटवून ती पुरुषामागे एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली, तेव्हा उपाशी मजुरांनी कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू हिरिरीने मांडली. नीरा डावा कालवा हाही याच दुष्काळी कामांतून आकारास आला. भाटघरच्या धरणाचे पाणी 1880 नंतरच्या दशकात त्यातून वाहू लागले आणि बारामतीपासून इंदापूरच्या टोकापर्यंत बागायतीचा एक हिरवा पट्टा उमटला. सासवडकडचे माळी शेतकरी येथे उतरले, ऊस वाढला, गुऱ्हाळे लागली, बारामतीची गुळाची पेठ नावारूपास आली, आणि 1914 मध्ये दौंडहून बारामतीपर्यंत अरुंद मापाची रेल्वे धावू लागली. कालव्याबरोबर आलेली आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या जमेस धरलेली नव्हती. पाटाच्या भरावावर, पाहणीस येणाऱ्या साहेबाच्या घोड्याकरिता किंवा टांग्याकरिता, मुरूम पसरून दाबलेली एक सपाट वाट कोसच्या कोस तयार झाली होती. चढ नाही, उतार नाही, रहदारी नाही.

या वाटेला साजेसे वाहन त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे जन्म घेत होते. त्यापूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंचीचे असे आणि तिच्यावरून पडणे म्हणजे माडीवरून पडणे असे. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या, बेताच्या चाकांची आणि साखळीची सायकल बाजारात आणली, आणि 1888 मध्ये डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव शोधून खडबडीत रस्त्याचा हिसका हवेच्या माथी मारला. मराठी माणसाने या वाहनाची ओळख फार लवकर करून घेतली. त्याच 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलीच्या दुकानाची सुरुवात केली. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि बंधू रामुअण्णांनी त्या विकून घेणाऱ्यास वर चालवायलाही शिकवावे, असा त्यांचा व्यवहार होता. पुढे नांगरांच्या आणि इंजिनांच्या कारखानदारीने विख्यात झालेल्या घराण्याच्या व्यापाराचा पाया नवशिक्याच्या शिकवणीवर उभा होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बारामती-इंदापुराकडे सायकल प्रथम आली ती डॉक्टर, वकील, मास्तर आणि पाटबंधारे खात्याचे कारकून यांच्या बरोबर. ती सर्वांची झाली मात्र स्वातंत्र्यानंतर, जेव्हा हिंद, ॲटलास, हर्क्युलिस, हिरो अशा देशात घडलेल्या सायकली खेडोपाडी पोचल्या आणि एस. टी. स्टँडच्या आसपास ताशी भाड्याची दुकाने निघाली. मोठ्या माणसाच्या मापाची ती काळी सायकल, अठ्ठावीस इंची चाकांची. दहा वर्षांच्या मुलाचा पाय सीटवरून जमिनीस तर नाहीच, पायडलासही पोचत नसे. म्हणून या पिढीने शिक्षणाची एक स्वतंत्र पद्धत काढली. डावा हात मुठीवर, उजवी काख सीटवर टेकलेली, उजवा पाय दांडीखालून पलीकडे घातलेला, अंग एका बाजूस झुकलेले, आणि पायडल पुरते न फिरवता अर्धेच खालीवर करायचे. याला हाफ पायडल म्हणत. ते साधले की दांडीवर, दांडी साधली की सीटवर, आणि सीट साधली की मागे कॅरिअरवर धाकट्या भावंडास बसवण्याची परवानगी, अशा या विद्येच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिले धडे गिरवण्यास पाटाची वाट उत्तम होती, फक्त एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस बाभळी असल्याने तोल गेलाच तर कोणीकडे जावा याचा निर्णय त्वरेने करावा लागे.

रस्ता खऱ्या अर्थाने गुळगुळीत झाला तो कारखान्यांनी. वालचंद हिराचंद यांनी 1930 नंतरच्या काळात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला आणि माळरानावर वालचंदनगर ही आखीव वसाहत वसली. तिच्यातील चाळी, बंगले, शाळा आणि सरळ रस्ते यांकडे भोवतालच्या गावांतील माणसे कौतुकाने पाहत. मग 1950 नंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर हे सहकारी साखर कारखाने निघाले, आणि ऊस वेळेवर गाळपास यावा म्हणून वाडी-वस्तीपर्यंत रस्ते पोचले. कारखान्यांनी बीड-नगरकडच्या ऊसतोड मजुरांना रबरी टायरच्या बैलगाड्या दिल्या. टायरगाडीचे चाक जुन्या लाकडी चाकाच्या निम्म्या उंचीचे, आणि ओझे मात्र पूर्वीहून अधिक. 1990 नंतर बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा कारखाना येऊन तीनचाकी रिक्षा-टेंपो, आणि 2012 पासून व्हेस्पा स्कूटर, येथेच तयार होऊ लागली. हातभर व्यासाच्याही आतले चाक लावून माणूस खेड्यातून तालुक्यास निर्धास्त जाऊ शकतो, ही गोष्ट भीमथडीच्या तट्टूवरून फिरणाऱ्या पूर्वजास खरी वाटली नसती.

याच काळात मुलांनी स्वतःच्या बुद्धीने एक वाहन सिद्ध केले, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ट्रॅक्टर आणि मालमोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या मागे खराब झालेल्या बेअरिंगांचा ढीग पडलेला असे. मेस्त्रीची चार कामे करून तीन बेअरिंगे मिळवायची. ती रॉकेलमध्ये बुडवून, काडीने आतला गंज आणि जुने ग्रीस खरवडून काढायचे. खोक्याची एक जाड फळी घ्यायची. मागे आडव्या लाकडाची टोके तासून त्यांत दोन बेअरिंगे ठोकून बसवायची, आणि पुढे एका नटबोल्टावर फिरणाऱ्या आडव्या दांडक्याच्या मधोमध तिसरे. झाली बेअरिंगची गाडी. एकाने बसून पायांनी दांडके वळवायचे, दुसऱ्याने पाठीमागून ढकलायचे, आणि उताराचा डांबरी रस्ता लागला की ढकलणाऱ्यानेही मागे चढून बसायचे. तिचा खरखराट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येई, आणि दुपारच्या झोपेतून उठलेल्या आजोबांच्या शिव्या हाच तिचा भोंगा. या गाडीचे चाक चार बोटांचे. म्हणून मातीच्या रस्त्यावर ती हलतसुद्धा नसे. डांबर नव्हते तोवर ही गाडी संभवतच नव्हती, आणि हीच स्केटबोर्डची येथली थोरली बहीण होय.

स्केटबोर्डचे मूळ घर अमेरिकेतील कॅलिफोर्निया. समुद्राच्या लाटांवर फळी चालवणाऱ्या तेथील तरुणांनी, लाटा नसलेल्या दिवशी करमणूक म्हणून, 1950 नंतर फळीस चाके लावून ती रस्त्यावर आणली. आरंभी ही चाके धातूची किंवा पक्क्या चिकणमातीच्या मिश्रणाची असत, आणि बारीकशा खड्यावर ती अडकून स्वार पुढे फेकला जाई. 1970 नंतर फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली, जी जमिनीस धरून राहत आणि लहानसहान खडबड पोटात घेत. तेव्हापासून या खेळाला खरे बाळसे आले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, त्यास जागतिक मान्यता मिळाली. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महाराष्ट्राकरिता सुवर्णपदक मिळवले.

आजच्या फळीची रचना पाहिली तर तिच्यात आपल्या बेअरिंगच्या गाडीचीच तत्त्वे आढळतात. मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली फळी. तिच्याखाली पुढे-मागे दोन धातूचे आस, ज्यांना ट्रक म्हणतात. आणि सुमारे बावन्न मिलिमीटर व्यासाची चार चाके. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे, बावीस मिलिमीटरची. जी वस्तू गॅरेजमागच्या पोराने चाक म्हणून उघडी वापरली, तीच येथे चाकाच्या पोटात दडलेली आहे. ट्रकमध्ये रबरासारखी मऊ गादी असल्याने फळी एका अंगाला झुकवली की आस त्या बाजूस वळतो. ही युक्ती 1863 मध्ये प्लिंप्टन याने चाके लावलेल्या पादत्राणांकरिता काढली होती. दांडके नाही, मूठ नाही, ब्रेक नाही. वळवायचे ते नुसत्या अंगाच्या भाराने.

तेव्हा नवशिक्याने आधी फळी गवतावर ठेवून, जेथे चाके फिरणारच नाहीत, तेथे नुसते उभे राहायला शिकावे. कोणता पाय पुढे ठेवला असता अंगास बरे वाटते हे ठरवावे. मग सपाट जागी, पुढचा पाय पुढच्या स्क्रूंवर ठेवून, गुडघे किंचित वाकवून, मागच्या पायाने जमीन मागे सारावी, आणि गती आली की तो पाय सावकाश फळीवर घ्यावा. थांबताना तोच पाय खाली सोडून टाच-तळवा घासत न्यावा. पडताना हाताचा पंजा पुढे टेकण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते आणि मनगट मोडते ते तिच्यामुळेच. म्हणून हेल्मेटबरोबर मनगटाचे आणि गुडघ्याचे संरक्षक बांधणे हा भित्रेपणा समजू नये. परंतु या सर्व उपदेशाच्या आधी एक काम आहे, आणि ते म्हणजे केरसुणी घेऊन जमीन झाडणे. सव्वीस मिलिमीटर त्रिज्येच्या चाकापुढे हरभऱ्याएवढा खडा आला तरी फळी जागीच थबकते, आणि वरचा मनुष्य मात्र थबकत नाही.

येथवर आले म्हणजे या इतिहासातील विसंगती ध्यानात येते. ज्या काळी या मुलखातील वाटा निर्मनुष्य होत्या त्या काळी त्या इतक्या खडबडीत होत्या की त्यांवर शिकणाऱ्यास घोडा किंवा मोठे चाकच उपयोगी पडे. आणि आज त्या आरशासारख्या झाल्या तर त्यांवर शिकणाऱ्यास जागा उरली नाही. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला 2021 साली बसली आणि तुकोबांच्या वारीची बारामती-इंदापुरातून जाणारी वाट आता रुंद, सपाट महामार्ग होत आहे. परंतु वर्षाचे ते थोडे दिवस वगळता तिच्यावर हक्क भरधाव मोटारींचा आणि उसाच्या ट्रॉल्यांचा. पाटाच्या वाटेची खरी थोरवी तिच्या मुरमात नव्हती. रिकामी असण्यात होती. चुकणाऱ्याला चुकू देण्याइतका अवकाश जेथे आहे तेथेच विद्या येते, आणि तो अवकाश मोटारीने हिरावून घेतला आहे.

ज्या हातांनी एक पौंड धान्यावर खडी फोडली त्यांना आपल्या कष्टांतून काय निर्माण होत आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या पणतवंडांच्या मुलांनी त्या गुळगुळीत जमिनीवर खेळावे, हा हक्क मात्र त्या मजुरीतच मिळालेला आहे असे म्हणावयास हरकत नसावी. तो बजावण्यास फार मोठ्या खर्चाची किंवा परदेशी धर्तीच्या उद्यानाची गरज नाही. शाळेच्या आवारात, बाजारतळाच्या एका अंगाला किंवा नगरपरिषदेने मैदानासाठी राखून ठेवलेल्या भूखंडाच्या कोपऱ्यात, रहदारीला मज्जाव असलेला, वीस पावले लांब आणि तितकाच रुंद असा काँक्रीटचा एक सपाट चौक बांधावा, आणि कोपऱ्यात एक केरसुणी ठेवावी. सायकल शिकणारी मुलगी, बेअरिंगची गाडी ठोकणारा मुलगा आणि फळीवर प्रथमच उभा राहणारा शहरी पाहुणा या तिघांची तालीम त्या एका चौकात होऊ शकेल. आणि विकास आराखड्यात इतक्या रस्त्यांची तरतूद करणाऱ्यांना एवढी तजवीज अवघड जाऊ नये.